पाणी उपसण्याचा दर

निविदेचे कागद चाचा शेवटच्या पानापासून वाचायचे. शेवटचं पान, मग त्याच्या आधीचं, असं करत पहिल्यावर यायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, उर्दू वाचायची सवय असल्यामुळे होत असेल. तसं विचारलंही. ते हसले नाहीत. म्हणाले, "न्हाई बाई. पहिलं पान लिवताना माणूस ताजा असतोय, समदं चांगलं चांगलं लिवतोय. अडकवायच्या अटी मागं टाकतोय. आपल्याला अटी वाचायच्यात."

हे मला पटलं. मी मनात नोंद करून ठेवली. पण पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीचे कागद आले आणि ते त्यांनी पहिल्या पानापासून सरळ वाचले. मी विचारलं, "चाचा, आज काहून सरळ?" तर म्हणाले, "ही कंपनी हुशार हाय. आमच्यासारखे लोक मागून वाचतेत, हे तिला ठाऊक असंल." त्यांच्याकडे मी सहा वर्षं नोकरी केली आणि सहाही वर्षं माझं असंच होत राहिलं. एखादी गोष्ट समजली असं वाटावं आणि महिन्याभरात ती पुन्हा समजेनाशी व्हावी.

त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांचे वडील दगडी बांधकामाचे गवंडी, आजोबाही तेच, कितीतरी पिढ्या हिंगोलीतल्याच. चाचांनी स्वतः बरीच वर्षं थापी धरली आणि मग उपकंत्राटदार झाले. रस्त्याचं मोठं काम बाहेरच्या एखाद्या कंपनीला मिळतं. त्यातली लहान कामं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या, कडेची गटारं, मातीला धरून ठेवणाऱ्या भिंती, ही ती कंपनी आसपासच्या माणसांना वाटून देते. त्यासाठी दर मागवते. आमच्यासारखे पाच-सात जण बंद पाकिटात दर देतात आणि कंपनी एकाला बोलावते. ते पाकीट तयार करणं हे माझं काम होतं. मी आखाडा बाळापूरची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, तेव्हा बावीस वर्षांची होते.

मला ठेवून घेताना त्यांनी मार्कशीट पाहिली नाही. हिंगोलीत सिमेंटच्या एका दुकानावर त्यांचं एका खोलीचं हापीस होतं. त्याच्या मागे एक अर्धवट भिंत होती, तिच्यासमोर मला उभं केलं. म्हणाले, "यातला कोणता थर बिघडलाय, सांगा." मी बराच वेळ पाहिलं. मला काहीच दिसेना. शेवटी घाबरून खालून सहाव्या थराकडे बोट दाखवलं. "बराबर," ते म्हणाले, "उद्यापासून या, इंजिनेर बाई." पुढे दोनेक वर्षांनी काम नसलेल्या एका दुपारी मी ओळंबा लावून ती भिंत नीट तपासली. सहाव्या थरात काही खोट नव्हती. कोणत्याच थरात नव्हती. त्यांना विचारावं असं दहादा मनात आलं, पण नोकरी चालू होती, म्हणून विचारलं नाही.

दर ठरवायची त्यांची रीत वेगळी होती. मी खुर्चीत बसून एकेक बाब मोठ्यानं वाचायची. खोदाई, मुरमाची भर, काँक्रीट, सळई, सेंट्रिंग. ते डोळे मिटून खोलीत येरझारा घालायचे आणि प्रत्येक बाबीचा दर तोंडी सांगायचे. मी नंतर साहित्याचा भाव, मजुरी, वाहतूक असं मांडून पडताळायची. बहुतेक वेळा दोन-पाच रुपयांचाच फरक यायचा. पण सगळ्याची बेरीज मात्र ते बघायचे नाहीत. बेरजेच्या रकान्यावर मी कागदाची पट्टी ठेवायची, मगच ते सही करायचे.

"एकूण दिसलं की माणूस कापाकापी करतोय," ते म्हणायचे. "खालचा आकडा लई मोठा वाटला की सळईतून थोडं काढ, सिमेंटातून थोडं काढ. मंग ते कामात तसंच उतरतंय."

कंपनीतून फोन यायचा, "चाचा, तुमची रक्कम कितीपर्यंत गेली?" तर ते खरोखरच सांगायचे, "मला न्हाई ठाऊक. आमच्या बाईला विचारा." समोरच्याला वाटायचं की हा माणूस फार खेळिया आहे. मलाही कधी कधी तसंच वाटायचं.

ते खेळिया होते का, हे मला ठरवता आलं नाही, त्याचं एक कारण सांगते. कनेरगाव नाक्याकडच्या एका गटाराच्या कामासाठी आम्ही दर देत होतो. त्याच कामासाठी दर देणारा दुसरा एक ठेकेदार आमच्याकडे चहाला आला. चाचांनी त्याला आपणहून सांगितलं, "गड्या, तिथं दोन फुटावर पाषाण हाय. मी सब्बलीनं ठोकून पाहिलंय. नुसत्या मातीचा दर लिवू नको, मरशील." तो गेल्यावर मी चिडले. आम्ही दिवसभर उन्हात फिरून मिळवलेली माहिती त्यांनी चहाबरोबर देऊन टाकली होती. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "त्याचे दोन्ही हात त्या खड्ड्यात अडकले असते. पोरंबाळं हायत त्याला."

त्या ठेकेदारानं घाबरून खोदाईचा दर एवढा चढवला की काम आम्हाला मिळालं. आता ही माणुसकी होती की डाव होता? मी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ते गल्लीतल्या कुत्र्याला बिस्किट टाकत होते. तो ठेकेदार मात्र पुढेही चहाला येत राहिला आणि चाचांनी आपल्याला वाचवलं असंच सगळ्यांना सांगत राहिला.

आमच्या पाकिटात दोन पानं अशी असायची, जी दुसऱ्या कोणाच्या पाकिटात नसावीत. एका पानावर कामगारांची नावं आणि प्रत्येकापुढे एक ओळ. अमुक मिस्त्री कोपरा चांगला काढतो. अमुक सळई चांगली बांधतो, पण त्याला उंचावर चढवू नये. अमुक बाई वाळू चाळते, तिच्या चाळणीतून आलेली वाळू पुन्हा बघावी लागत नाही. दुसऱ्या पानाचं नाव "आम्ही काय करणार नाही". त्यात लिहिलेलं असायचं की सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजूर निम्मे येतील, ईदला आणि दिवाळीला काम बंद राहील, काँक्रीट टाकल्यावर पाणी मारायचे दिवस कमी करणार नाही, आणि साहेब गाडीतून उतरल्याशिवाय त्यांचा हुकूम ऐकणार नाही. मी हे टाइप करताना म्हणायची, "चाचा, याच्यानं काम जाईल." ते म्हणायचे, "जाऊ द्या की. नंतर भांडण्यापरीस आता गेलेलं बरं."

कामं जायची सुद्धा. मी सांगतेय त्या वर्षी उन्हाळ्यात लागोपाठ तीन पाकिटं परत आली होती. कामगारांत कुजबुज सुरू झाली होती. दोन सेंट्रिंगवाले पुण्याला जायची तयारी करत होते. एकानं मला जिन्यात गाठून विचारलं, "बाई, खरं सांगा, चाचाला काम पायजे का न्हाई?"  मलाही तोच प्रश्न पडला होता.

अशात शिरड शहापूरच्या पुढच्या रस्त्याचे कागद आले. नऊ मोऱ्या होत्या आणि काम चांगलं वर्षभराचं होतं. हे मिळालं असतं तर कोणाला गाव सोडायची गरज नव्हती.

जागा बघायला आम्ही एसटीनं गेलो. त्यांची स्कूटर होती, पण जागेवर जाताना ते एसटीनंच जायचे. स्कूटरवर नजर खड्ड्यावर राहते, एसटीत बाहेर राहते, असं म्हणायचे. पहिल्या मोरीपासून नवव्यापर्यंत आम्ही चालत गेलो. प्रत्येक ठिकाणी ते चपला काढून ओढ्यात उतरायचे, थोडा वेळ बसायचे, माती हातात चुरायचे आणि उठायचे. मी नकाशा धरून उभी. मोरी क्रमांक तीन एका कालव्याच्या जवळ होती. कालवा कोरडा होता, तळाला भेगा पडल्या होत्या.

सातव्या मोरीजवळ एक तांडा होता. एक म्हातारी बाभळीखाली शेळ्या घेऊन बसली होती. चाचा तिच्यासमोर मातीतच बसले आणि तिला विचारलं, "मावशी, पावसाळ्यात पाणी इथूनच जातं का?"

म्हातारीनं आधी माझ्या हातातल्या नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथून काहून जाईल? तिकडून जातंय. त्या पळसाच्या अंगानं. इथं निसतं साचतंय."

"आन् त्या तिकडच्या कालव्याला पाणी कवा सुटतं?"

"सोडणाऱ्याच्या मनावर. कवा उन्हाळ्यात, कवा पेरणीच्या टायमाला. एकदा तर आमी झोपलो आन् सकाळी समदं ओलं."

चाचांनी तिचं नाव विचारलं आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. हापिसात आल्यावर त्यांनी कंपनीला पत्र सांगितलं. सातवी मोरी नकाशात चुकीच्या जागी आहे, ती पळसाच्या झाडाकडे सरकवावी, आणि खाली "माहिती देणार" म्हणून त्या म्हातारीचं पूर्ण नाव आणि तांड्याचा पत्ता. मी म्हणाले, "चाचा, कंपनीत हसतील. नकाशा मोठ्या इंजिनिअरनं काढलाय." ते म्हणाले, "त्यानं एक दिवस बघितला. तिनं जन्मभर बघितलं. लिवा." मी लाजत लाजत लिहिलं.

दर ठरवायला बसलो. सव्विसाव्या बाबीपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. सत्ताविसावी बाब होती पाणी उपसणे. पायाच्या खड्ड्यात पाणी लागलं तर ते पंपानं काढायचं. त्याचा दर दिवसावर किंवा तासावर मागितला नव्हता. संपूर्ण कामासाठी एकच ठोक रक्कम मागितली होती, मग पाणी एक दिवस येवो की शंभर दिवस.

मी वाचलं. ते फिरायचे थांबले. खिडकीपाशी गेले.

"रिकामं ठेवा," ते म्हणाले.

"रिकामं कसं? अटीत लिहिलंय, दर न दिलेली बाब फुकट धरली जाईल. नाहीतर पाकीटच बाद करतील."

"करू द्या. पाणी किती येईल ते मला न्हाई ठाऊक. ज्याचं ठाऊक न्हाई त्याचा भाव मी सांगत न्हाई."

"जमिनीतला दगड तरी कुठं दिसतो? त्याचा दर दिला ना आपण?"

"दगडाचं येगळं."

"वेगळं कसं?"

त्यांनी पेन उचललं. सगळ्या पानांवर सह्या केल्या, सत्ताविसाव्या ओळीच्या पानावरही. तो शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाची वेळ झाली तसे ते उठले आणि म्हणाले, "पाकीट बंद करून तीनच्या आत देऊन या."

मी खोलीत एकटी. समोर ती ओळ. तिच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या ओळी माझ्याच अक्षरातल्या होत्या. जिन्यात भेटलेला सेंट्रिंगवाला मला आठवत होता. चाचांनी मुद्दाम काम घालवायचं ठरवलंय की काय, असं वाटत होतं. की त्यांना अटीचा अर्थ कळला नाही? की मला कळला नाही? मी कागदावर मांडलं, एक पंप, पंधरा दिवस, रोजचं डिझेल, एक माणूस. कालवा कोरडा पाहिला होता, पंधरा दिवस पुष्कळ झाले. जो आकडा आला तो मी त्या ओळीत लिहिला. एकूण बेरीज दुरुस्त केली. पाकीट चिकटवलं आणि जीपमध्ये बसून कंपनीच्या साइटवरच्या कार्यालयात देऊन आले. 

दहा दिवसांनी कंपनीनं बोलावलं. तिथला मॅनेजर बाहेरचा होता, नीट शुद्ध मराठी बोलणारा, वयानं माझ्यापेक्षा फार मोठा नसावा. त्यानं आमचं पत्र वर काढून ठेवलं होतं.

"सातवी मोरी सरकवावी लागेल हे तुम्हाला कसं कळलं? आम्ही परवा पुन्हा मोजणी केली. पाणी खरंच तिकडून जातंय."

"खाली नाव लिवलंय की," चाचा म्हणाले.

"ते मी वाचलं. मला वाटलं, तुमच्या सर्व्हेअर असतील."

"शेळ्या राखतेत."

मॅनेजरनं पत्र बाजूला ठेवलं. मग कागद उलटू लागला. बाकी कोणीच जागा बघितलेली दिसत नाही, असं म्हणाला. दोन-तीन दरांवर घासाघीस झाली. चाचांनी एका ठिकाणी कमी केलं, दोन ठिकाणी नाही म्हणाले. मग तो म्हणाला, "पाणी उपसण्याचा तुमचा दर मात्र सगळ्यांपेक्षा कमी आहे. चालेल ना तुम्हाला?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

चाचांनी खिशातून चष्मा काढून लावला. पान ओढून घेतलं. त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवून राहिले. चष्मा काढून पुन्हा खिशात घातला.

"बराबर हाय," ते म्हणाले.

काम मिळालं. परतीच्या जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मला वाटलं आता बोलतील, औंढ्याला बोलतील, हिंगोली आल्यावर तरी बोलतील. ते सीताफळाच्या झाडांबद्दल बोलले. सीताफळाला पाणी कमी लागतं, तरी लोक काहून लावत नाहीत, असं काहीतरी. मी हो हो म्हणत होते. त्यांना कळलंय का, याचाच मला अंदाज येत नव्हता. कदाचित त्यांना वाटलं असेल की आपणच आकडा सांगितला आणि विसरलो. मी तशी आशा धरली, हे कबूल करते.

तिसऱ्या मोरीचा खड्डा मुरमापर्यंत गेला आणि त्याच आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं. सकाळी पोचलो तर खड्डा अर्धा भरलेला. पंप लावला. संध्याकाळी तळ दिसला, सकाळी पुन्हा अर्धा. बाजूची काळी माती सुटून आत येऊ लागली. दुसरा पंप आणला. माझे पंधरा दिवस कधीच संपले. तीन आठवडे झाले, महिना झाला. चाचा रोज यायचे, काठावर उकिडवे बसायचे आणि पाण्याकडे बघायचे. मला एक शब्द बोलले नाहीत. कामगारांवरही ओरडले नाहीत. डिझेलवाला आला की स्वतः उठून कॅन उतरवून घ्यायचे. त्यांच्या मुलीच्या घराचं बांधकाम त्या महिन्यात थांबलं, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

एका दुपारी माझ्यानं राहवेना. पंपाचा आवाज चालू होता, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागलं. "चाचा, तो आकडा मी लिहिला होता."

"ठाऊक हाय."

"मग तिथं बोलला काहून न्हाई?"

"काय बोलणार? पानावर सही माझी हाय. रिकाम्या ओळीखाली सही मीच केली."

"तुम्ही मला रागवत का न्हाई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा प्रश्न समजला नसावा असं मला वाटलं. "मी रिकामं ठेवलं, तुमी भरलं," ते म्हणाले. "पाणी दोघांनाबी ठाऊक नव्हतं. आता ते खालचं पंपाचं फूटवाल बघून या, माती धरलीया."

पंपाच्या नळीच्या बुडाशी असलेल्या त्या झडपेतली माती काढायला मी गुडघाभर पाण्यात उतरले. त्यानंतर रोज उतरत होते. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे कालवा बंद झाला, खड्डा सुकला, मोरी उभी राहिली. सगळ्या नऊ झाल्या. त्या कामात चाचांना काही उरलं नसावं. पण कोणी पुण्याला गेलं नाही. शेवटच्या मोरीच्या वेळी मॅनेजर आला होता. चहा पिता पिता मला सहज म्हणाला, "तुम्ही त्या पाण्याच्या बाबीत उगाच आकडा टाकलात. रस्त्याच्या दुसऱ्या पट्ट्यात एकानं ती ओळ कोरी सोडली होती. आम्ही त्याला फोन केला, विचारलं, आणि तासावर दर ठरवून दिला. तुमचंही तसंच केलं असतं. तुमचं पत्र वाचल्यावर काम तुम्हालाच द्यायचं ठरलं होतं."

मी कप खाली ठेवला. हे खरं होतं की नुसतं बोलायच्या भरात बोललेलं, कोण जाणे. अटीत तर उलटं लिहिलेलं होतं. पण ते खरं असेल तर माझ्या पंधरा दिवसांच्या हिशोबानं चाचांचं नुसतं नुकसान झालं होतं, कशाच्याही बदल्यात नाही. आणि त्यांनी ओळ रिकामी ठेवली ती बरोबर होती. हे मी चाचांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले.

त्याच्या पुढच्या निविदेला त्यांनी सगळी पानं माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "आता सह्या तुमी करायच्या." फर्मच्या कागदावर माझं नाव घातलं होतं. ही बढती आहे की शिक्षा, मला समजेना. पहिल्या पानावर सही करायला मला बराच वेळ लागला, कारण वरची प्रत्येक ओळ पुन्हा वाचावीशी वाटत होती. ते शेजारी उभे राहून वाट बघत होते, घाई करत नव्हते.

गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं. गुडघे गेले. आता ते आखाडा बाळापूरला मुलीकडे राहतात, माझ्या माहेरापासून चार गल्ल्या पलीकडे. फर्म मी चालवते. मी दिवाळीला माहेरी गेले होते तेव्हा त्यांना भेटायला गेले. मुलीनं पलंगावर उशी लावून त्यांना बसवलं. बाकीच्या गोष्टी झाल्या आणि मग मी एकदाचं सांगून टाकलं, मॅनेजर काय म्हणाला होता ते, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ते त्यानं मला आधीच सांगितलं व्हतं. पंप चालू व्हता तवाच."

 "मग तुम्ही मला कधी बोलला न्हाई?"

"तुमी रोज पाण्यात उतरून राहिल्या व्हत्या. ते सांगितलं असतं तर काम सोडून गेल्या असत्या. मंग मला दुसरी इंजिनेर बाई कुठून भेटणार?"

आतून त्यांच्या मुलीनं मी जेवून जाणार का ते विचारलं. मी उत्तर द्यायचं विसरले. इतक्या वर्षांत जो प्रश्न नीट विचारला नव्हता तो विचारला. "चाचा, तुम्हाला ठाऊक होतं का, की रिकामं ठेवलं तर ते फोन करतील? म्हणून ठेवलं होतं?"

"न्हाई."

"मग काहून ठेवलं?"

ते खरोखर आठवत होते. खिडकीबाहेर बघत होते, कपाळावर आठी होती. मी थांबले. माझी खात्री होती की आता तरी उत्तर मिळेल. मला न कळणाऱ्या त्यांच्या सगळ्या गोष्टींमागे काहीतरी कारण असणार, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"न्हाई ठाऊक," ते म्हणाले. "तवा वाटलं, लिवू नये. मंग वाटलं, मी भ्यालो व्हतो. कोरडा कालवा बघून भ्यालो. आता ते बी बराबर वाटत न्हाई. मला बी न्हाई कळलं बाई."

मुलगी ताटं घेऊन आली. मी बसले. भाकरी आणि मेथीची भाजी होती. ते हळूहळू जेवत होते आणि मध्येच त्यांनी विचारलं, सध्या कशाचे दर भरून राहिल्या. मी सांगितलं की एका संरक्षक भिंतीचे, कळमनुरीकडे. कागद पिशवीत होते. त्यातली एक अट मी चार दिवस वाचत होते आणि तिचा अर्थ एकदा असा लागत होता, एकदा तसा. जेवण झाल्यावर मी हात धुतले, कागद काढले आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली.

त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचली.